तोंड उघडणारी माणसं हवीत

दरवर्षी बटाटे निघून शेतांचा चिखल झाला, की आमच्या गावातल्या व्यावसायिक शाळेत कंपन्यांच्या माणसांना जेवायला बोलावतात. जेवण कसलं, पाव, चीज आणि ताक. नेदरलँड्सच्या उत्तरेला आमच्या या फ्रीसलंडात मंत्री आला तरी दुपारी एवढंच मिळतं. बोलावण्याचं कारण एकच. सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम संपवून बाहेर पडणाऱ्या पोरांना काय काय यायला हवं ते या मंडळींनी सांगायचं आणि हिंकेबाईंनी ऐकायचं.

हिंकेबाई हा अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून ऐकत आल्या होत्या. एका वर्षी मंडळी म्हणाली, पोरांचं नेटवर्क कच्चं आहे. बाईंनी उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालवून तो विषय दुपटीने वाढवला. पुढच्या वर्षी तीच मंडळी म्हणाली, नेटवर्कचं काय घेऊन बसलात, आता सगळं क्लाउडवर असतं. बाईंनी क्लाउड आणलं. मग प्रमाणपत्रं हवी झाली. ती आणली तर म्हणे, कागद काय चाटायचेत, अनुभव हवा. नोकरीच्या जाहिरातीत वर लिहायचं ‘नवशिक्यांसाठी’ आणि खाली लिहायचं ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’. ते पहिल्यांदा वाचून बाईंना हसू आलं होतं, नंतर राग आला, आणि आता नुसता शीण यायचा.

“यंदा काय मागतायत?” शेजारी बसलेल्या रिंत्येने हळूच विचारलं. तो गणित शिकवायचा आणि या जेवणाला फक्त चीजसाठी यायचा. “उडता येणारी पोरं?”

“गप बस. ताक पी.”

तेवढ्यात समोरून येल्मर बोलायला लागला. येल्मर म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या दूध-कारखान्याचा सुरक्षाप्रमुख, आणि त्याआधी बाईंचाच विद्यार्थी. तेव्हा किडकिडीत होता, आता कोट अंगाला घट्ट होत होता. बाईंना त्याचं कौतुक होतं. आपल्या वर्गातून निघालेलं एखादं पोर या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलं पाहिलं की कुणालाही बरं वाटेल.

“खरं सांगू का बाई,” तो म्हणाला, “साधनं वापरायला आम्ही शिकवू. महिन्याभरात शिकतात पोरं. आम्हाला माणसं हवीत तोंड उघडणारी. काही खटकलं तर समोर कोण बसलंय ते न बघता बोलणारी. उद्या मी चुकलो तर मलाही धरणारी. तशी एक जरी दिलीत ना, तर मी डोळे झाकून घेईन.”

सगळ्या टेबलाने माना डोलावल्या. इन्शुरन्सवाल्याने तर टेबलावर थाप मारली. हिंकेबाईंना बऱ्याच वर्षांनी त्या जेवणात भूक लागली. कारण ही एक गोष्ट अशी होती, की तिच्यासाठी सुट्टी घालवायची गरज नव्हती. ती त्या पहिल्या दिवसापासून शिकवत होत्या.

त्यांच्या वर्गात एक नियम होता. स्क्रीन उघडी टाकून जागेवरून उठलात, की मेलात. ज्याच्या लक्षात येईल त्याने पटकन त्या खुर्चीत बसायचं, त्या उघड्या खात्यावरून वर्गाला मेल धाडायचा, ‘उद्या सगळ्यांना माझ्याकडून ओरान्येकूक’, आणि जागेवर जाऊन साळसूद चेहऱ्याने बसायचं. दुसऱ्या दिवशी गुन्हेगाराने बेकरीतून तो गुलाबी केक आणायचा, वर साय हवी, आणि कुरकुर करायची नाही. हा काही बाईंचा शोध नव्हे. या धंद्यातल्या निम्म्या कचेऱ्यांत हे चालतं. ओरडून, परीक्षा घेऊन, दंड लावून जे होत नाही ते केकने होतं. येल्मरने विद्यार्थी असताना इतके केक आणले होते, की बेकरीवालीने त्याच्या आईला विचारलं होतं, तुमच्याकडे पोरं किती आहेत म्हणून.

फार्दौलाही याच नियमाने तिच्या कोशातून बाहेर काढलं होतं.

फार्दौ वर्गात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि कुणाशी बोलत नव्हती. आधी केशकर्तनाचा कोर्स अर्धवट सोडला, मग दीड वर्ष घरात वरच्या खोलीत बसून काढलं. बाप गोसे खिडक्यांना काचा बसवायचं काम करी. बायको गेल्यापासून घरात ही दोघंच. प्रवेशाच्या वेळी तो बाईंना म्हणाला होता, “बाई, ती जेवायलासुद्धा खाली येत नाही. ताट जिन्यात ठेवतो.” आपल्याकडचा पुरुष परक्यापुढे एवढं बोलतो तेव्हा समजून घ्यायचं, की पाणी गळ्याशी आलंय.

पहिले काही महिने फार्दौने वर्गात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच म्हटलं. मग एक दिवस हिंकेबाई फळ्यावर काहीतरी समजावता समजावता कॉफी आणायला गेल्या, परत आल्या आणि वर्ग दबल्या आवाजात खिदळताना दिसला. बाईंच्या स्वतःच्या खात्यावरून मेल गेला होता. ‘कोणी केलं?’ म्हणून विचारलं, तर मागच्या बाकावरून एक घोगरा, न वापरलेला आवाज आला. “मी. स्क्रीन उघडी होती, बाई.” बाईंनी दुसऱ्या दिवशी आणलेल्या केकवर नेहमीपेक्षा दुप्पट साय होती. त्या दिवसापासून फार्दौ बोलायला लागली. हळूहळू एवढी, की तिला कधीकधी थांबवावं लागे. शिक्षकाच्या नोकरीत असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात, आणि बाकीच्या दिवसांचं ओझं माणूस त्यांच्या जोरावर ओढतो.

म्हणून येल्मरचं बोलणं ऐकल्यावर बाईंच्या डोळ्यांपुढे एकच नाव आलं. फेब्रुवारीत इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा फार्दौ दूध-कारखान्यात गेली. इंटर्नशिप पुरी झाल्याशिवाय डिप्लोमा नाही, आणि येल्मरने आडून सुचवलं होतं, की पोरगी चांगली निघाली तर जून महिन्यात नोकरी पक्की.

पहिले सहा आठवडे सगळं छान चाललं. सातव्या आठवड्यात शाळेतला फोन वाजला. पलीकडे कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाच्या पोस्तमाबाई होत्या. त्यांचा आवाज मुळातच थंड, त्या दिवशी बर्फ. “तुमची विद्यार्थिनी उद्यापासून येणार नाही. सुरक्षाप्रमुखांच्या खात्याचा गैरवापर झालाय.”

झालं होतं ते असं. येल्मर दुपारी स्क्रीन उघडी टाकून उठला आणि कॉरिडॉरमध्ये कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला. एकदा नव्हे, रोजच उठायचा. फार्दौने आठवडाभर पाहिलं, आणि त्या दिवशी शाळेत शिकल्याप्रमाणे खुर्चीत बसून मेल धाडला. फक्त घाईघाईत पत्ता निवडताना विभागाच्या ऐवजी सगळ्या कारखान्याचा निवडला. येल्मरने संध्याकाळी घरी फोनवर तो मेल पाहिला आणि हसला. हो, हसला. विभागातल्या लोकांपुरताच गेला असेल असं समजून सकाळी एक केक घेऊन आला.

जिन्यात दूध-कारखाना उभा होता. चीजच्या खोल्यांतले पांढऱ्या बुटांतले लोक, पॅकिंगवाल्या बाया, पहाटेची फेरी संपवून आलेले टँकरवाले. एकाने घरून स्वतःची बशी आणली होती. फुकटच्या केकसाठी आमचा माणूस पाऊस-वारा काही बघत नाही. आणि नेमके त्याच सकाळी मुख्य कार्यालयातून दोन पाहुणे आले होते. त्यांच्यापुढे येल्मर एका केकचा खोका हातात धरून उभा. पाहुण्यांपैकी एकाने शांतपणे विचारलं, “तुमच्या सुरक्षाप्रमुखाचं खातं इथे कोण कोण वापरतं?”

हिंकेबाई दुसऱ्या दिवशी सायकल काढून कारखान्यावर गेल्या. वारा समोरून होता. आमच्याकडे तो नेहमी समोरूनच असतो, जाताना आणि येतानाही.

“नियम स्पष्ट आहे,” पोस्तमाबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या खात्यावरून काहीही पाठवणं म्हणजे गैरवापर. गंमत असो की काहीही असो.”

“आणि स्क्रीन उघडी टाकणं? त्याचं काय लिहिलंय नियमात?”

पोस्तमाबाईंनी येल्मरकडे पाहिलं. येल्मरने खिडकीकडे पाहिलं.

“येल्मर, तूच म्हणाला होतास ना? समोर कोण आहे ते न बघता बोलणारी हवी. तुला धरणारी हवी. धरलं तिने.”

“म्हणालो होतो, बाई. पण बोलणारी म्हणालो होतो. दारात येऊन सांगितलं असतं, सर, स्क्रीन बंद करा, तर मी काय तिला खाल्लं असतं?”

“मी वर्गात हेच शिकवते. तुलाही हेच शिकवलं. तू किती केक आणलेस ते विसरलास?”

“ती शाळा होती हो. इथे मुख्य कार्यालयाची माणसं होती समोर. त्या सगळ्या बुटांच्या रांगेपुढे मी, हातात खोका. दोन दिवस लोक मला ‘केक’ म्हणतायत, बाई. गेटवरचा माणूस बॅरियर उचलताना विचारतो, आज काय, सफरचंदाचा का?”

बाईंना क्षणभर त्याची दयाही आली. बरोबर होतं त्याचं थोडंसं. मेल साऱ्या कारखान्याला जायला नको होता. पण दयेच्या मागोमाग संताप आला, आणि संतापाच्या मागोमाग नेहमीचा तो शीण.

पोस्तमाबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या तसा येल्मर पुढे वाकला. “हे बघा, बाई. मला तिचं वाटोळं करायचं नाही. पण शाळाच असं शिकवते म्हणून सांगत बसलात, तर मुख्य कार्यालय म्हणेल, त्या शाळेची पोरंच नकोत. पुढच्या वर्षीच्या जागासुद्धा जातील. त्यापेक्षा पोरीने नीट माफी लिहावी. चूक फक्त माझी, असं. मी म्हणेन, लहान आहे, समज दिली. परत येऊ दे तिला. पण मग जरा... जपून राहायला सांगा.”

“जपून म्हणजे?”

“तुम्हाला कळतंय, बाई.”

कळत होतं. न कळायला बाई काही काल जन्मल्या नव्हत्या. भांडता आलं असतं. दहा वर्षांपूर्वी भांडल्याही असत्या, टेबलावर हात आपटून. पण भांडून उठायचं आणि मग कुठे जायचं? आता मार्चात नवी इंटर्नशिप मिळणार नव्हती. या धंद्यात एकदा नावाला ‘गैरवापर’ चिकटला, की तो पुसायला कुणी येत नाही. बाईंनी ‘बघते’ म्हटलं आणि उठल्या.

तिथून त्या थेट गोसेच्या घरी गेल्या. गोसेने दार उघडलं, कॉफी दिली, डब्यातून एक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. मग खाली मान घालून म्हणाला, “कालपासून खाली आली नाही. रात्री ताट जिन्यात ठेवलं. तसंच आहे.”

डिप्लोमा, जागा, मुख्य कार्यालय सगळं एका बाजूला राहिलं. त्यांना ते जिन्यातलं ताट दिसत राहिलं. त्या वर गेल्या.

फार्दौ पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. खोलीचे पडदे ओढलेले.

“काय ग,” बाई म्हणाल्या, “खोली तळघरासारखी करून ठेवलीस.”

“सगळ्यांना गेला ती माझी चूक, बाई. पत्ता बघितला नाही मी. त्याची माफी मागते, शंभर वेळा मागते.” ती भराभर बोलत होती, म्हणजे रात्रभर मनात हेच घोकलं असणार. “पण ते रोज उघडी टाकून जातात. रोज. त्यांच्या स्क्रीनवरून अख्ख्या कारखान्याची दारं उघडता येतात, बाई. मी नसते बसले तर दुसरं कुणीतरी बसलं असतं, आणि त्याने केक नसता मागितला. हे कुणी त्यांना बोललं का?”

“मी बोलले.”

“मग?”

हिंकेबाई खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसल्या. मग एवढंच, की मी पुढच्या वर्षी त्या कंपन्यांच्या जेवणाला परत बसणार आहे, आणि तू या पलंगावर बसू नयेस. हे त्यांना म्हणायचं होतं. म्हटलं वेगळंच.

“मग काही नाही. माफी लिहून टाक. चूक फक्त माझी, एवढंच लिही, स्क्रीनचा विषय काढू नकोस. आणि जूनपर्यंत जरा गप राहा, फार्दौ. दिसलं तरी दिसलं नाही म्हण. एकदा डिप्लोमा हातात पडला, नोकरी पक्की झाली, की मग काय बोलायचं ते बोल. आत्ता बोलून कुणाचं भलं होणार नाही. तुझं तर नाहीच.”

ती वाद घालेल असं बाईंना वाटलं होतं. तिने वाद घालावा म्हणून त्या वाटही बघत होत्या. वर्गात ही पोरगी एका पासवर्डवरून त्यांच्याशी अर्धा तास हुज्जत घालायची.

“बरं,” फार्दौ म्हणाली.

फार लवकर म्हणाली. बाईंना स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. खाली येताना जिन्यातलं ताट त्यांनी स्वतःच्या हाताने उचलून स्वयंपाकघरात ठेवलं. मागून फार्दौच्या पावलांचा आवाज आला तेव्हा गोसेने पाठ वळवली आणि उगाच नळ सोडला.

माफी लिहिली गेली. फार्दौ परत कामावर गेली. दर पंधरवड्याला बाई फोन करायच्या. “कसं चाललंय?” “छान.” “येल्मर काय म्हणतो?” “काही नाही. छान आहेत.” त्या ‘छान’मध्ये काहीतरी नव्हतं, ते बाईंना कळायचं. पण वर्गात नवी पोरं होती, सरकारने सगळ्या विषयांची नावं पुन्हा बदलली होती, आणि आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की दमलेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

जूनच्या शेवटी कारखान्यातच तिचं मूल्यमापन झालं. परीक्षक दोन, शाळेकडून हिंकेबाई आणि कारखान्याकडून येल्मर. फार्दौने केस कापून घेतले होते आणि इस्त्रीचा सदरा घातला होता. काय केलं, कसं केलं, सगळं तिने नीट सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. हिला कुणी थांबवावं लागेल असं आता वाटत नव्हतं.

तिला बाहेर बसवून दोघं तक्ता भरायला बसले. येल्मर खूश होता.

“काय बदललीय पोरगी! सुरुवातीला जरा... तुम्हाला माहीतच आहे. पण आता एकदम शहाणी. कामाशी काम. मान खाली, हात चालू. एक जुलैपासून घेतोय मी तिला.” तो पेनाने एकेक ओळ खाली येत गेला. “‘धोका दिसल्यास न कचरता वरिष्ठांना सांगते.’ इथे काय, उत्तम?”

बाईंनी मान वर केली. बाहेर काचेपलीकडे फार्दौ गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसली होती.

“लिही,” त्या म्हणाल्या आणि सही केली.

मग हस्तांदोलन झालं, अभिनंदन झालं, येल्मरने तिच्या खांद्यावर थोपटलं. फार्दौ हसली. बाई आणि ती दोघी खाली सायकलींच्या शेडकडे आल्या.

“बाबा झेंडा काढून बसलेत सकाळपासून,” फार्दौ म्हणाली. “माझी शाळेची बॅग मागतायत, शाळकरी पोरं पास झाली की लटकवतात तशी काठीला लटकवायला. मी म्हटलं, या वयात काय बाबा. ऐकतच नाहीत. गल्लीला दिसलं पाहिजे म्हणे, पोरगी पास झाली.”

“लटकवू दे त्याला. त्याने वाट पाहिलीय.” बाईंनी तिचा हात धरला. “आता सुटलीस, फार्दौ. आता काय बोलायचं ते बोल.”

फार्दौने सायकलीचं कुलूप काढता काढता मान वर केली. जरा विचार केला, आणि सहज, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

“बोलायला काय, बरंच आहे. स्क्रीन अजून उघडीच असते. तेही जाऊ दे. शीतगृहाच्या मशिनी सांभाळणारी बाहेरची कंपनी होती ना, तिचं कंत्राट एप्रिलमध्ये संपलं. पण त्यांच्या माणसाचं कार्ड अजून चालतं. मागच्या आठवड्यात तो मागच्या दाराने आत आला, सर्व्हरच्या खोलीवरून गेला, विसरलेलं जाकीट घेऊन निघून गेला. चांगला माणूस आहे, मला हात केला त्याने. पण त्याचं कार्ड बंद केलेलं नाही म्हणजे बाकीच्यांचीही नसणार. मी मेल लिहिला होता अर्धा. मग पुसून टाकला.”

“अग, मग सांगितलं का नाहीस?”

फार्दौने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. राग नव्हता त्यात, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुम्हीच म्हणालात ना, बाई. दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. सुरुवातीला जड गेलं. आता सवय झाली.”

वाऱ्याने शेडचा पत्रा वाजत होता. बाईंनी तिच्या सायकलीचं हँडल धरलं. मग त्या म्हणाल्या, “चल. आत्ता वर जाऊ. दोघी. आता येल्मर काही काढून घेऊ शकत नाही, सही झालीय.”

“नको, बाई.”

“मी आहे ना बरोबर.”

“आज आहात.” फार्दौ सायकलीवर टांग टाकून उभी राहिली. “एक तारखेपासून मी तिथे आणि ते माझे साहेब. तुम्ही शाळेत. राहू दे ना. बाबा थांबलेत.” मग काहीतरी आठवल्यासारखं तिने बाईंना एका हाताने मिठी मारली. तिच्या सदऱ्याला इस्त्रीचा वास येत होता. “तुमच्यामुळे झालं सगळं, बाई. खरंच. माझं नाव मात्र घेऊ नका हां वर.”

ती गेली. हिंकेबाई शेडमध्ये सायकल धरून उभ्या राहिल्या. घरी जावं असं इतक्या मनापासून वाटलं, की एक पाय पॅडलवर गेलासुद्धा. त्या मुक्या पोरीला त्यांनीच बोलकं केलं होतं, आणि तिचं तोंडही त्यांनीच बंद केलं होतं. दुसरं काम पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर झालं होतं. त्यांना रडू आलं नाही. रडायलाही अंगात थोडी ताकद लागते. त्यांनी सायकल परत लावली आणि जिना चढल्या.

येल्मर जागेवर नव्हता. स्क्रीन उघडी होती. बाई खुर्चीत बसल्या नाहीत. बाजूला उभ्या राहिल्या. तो कॉफीचा कप घेऊन आला तेव्हा त्याने आधी स्क्रीनकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि कानापर्यंत लाल झाला.

“ते राहू दे,” बाई म्हणाल्या. “शीतगृहाच्या त्या जुन्या कंपनीची कार्डं अजून चालू आहेत. कंत्राट संपलंय ना? त्यांचा माणूस मागच्या दाराने आत येतो. बघून घे.”

“काय सांगता? कुणी सांगितलं?”

“मी सांगतेय.”

“म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो,” हिंकेबाई खोटं बोलल्या.

येल्मरने कप ठेवला आणि लगेच यादी उघडून बघायला लागला. त्याचा चेहरा उतरत गेला. एक कार्ड, मग दुसरं, मग आणखी. माणूस वाईट नव्हता तो, कामालाही चोख होता, कुणी दाखवून दिलं तर. “बाप रे,” तो म्हणाला. “तीन महिने! तीन महिने इथे सगळे ये-जा करतायत आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. आणि तुम्ही तासाभरासाठी येता आणि तुमच्या लक्षात येतं.” त्याने फोन उचलून गेटचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून त्यांच्याकडे वळला. “हेच तर मी दरवर्षी सांगतो, बाई. अशी नजर हवी, आणि असं येऊन सांगायची हिंमत. तुमच्या पोरांना हे का शिकवत नाही तुम्ही?”

“शिकवलं होतं,” हिंकेबाई म्हणाल्या.

पण गेटवरच्या माणसाने तोवर फोन उचलला होता, आणि येल्मरला ते ऐकू गेलं नाही.